तिसरी रेघ

हिंगोलीत एसटी डेपोमागच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीच्या माडीवर, फरहीन आणि साधना या दोन मैत्रिणी हट्टा गावच्या नळयोजनेचं सॉफ्टवेअर लिहीत असत. कोणत्या गल्लीचं पाणी कधी सोडायचं हे ते ठरवणार होतं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की झालेल्या कामाचा सगळा इतिहास उभ्या रेघांनी उमटे: प्रत्येक बदलाची एक चांदणी, शेजारी करणारीचं नाव, वेळ, आणि दोघींच्या शिरस्त्याप्रमाणे तो 'काहून', म्हणजे का, केला याचं एक वाक्य. डावी रेघ फरहीनची, उजवी साधनाची. चार वर्षांत तिसरीची गरज पडली नव्हती.

सोमवारी तिसरी दिसली.

तिच्यावर चार चांदण्या, चारही फरहीनच्या नावाच्या, आणि चारही जोहरच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजाच्या वेळच्या, म्हणजे ती आतल्या खोलीत असतानाच्या. शेवटच्या गल्लीला पाणीच सुटू न देणारी जी चूक तिने लाजेपोटी कुणालाच सांगितली नव्हती, ती तिथे सफाईने दुरुस्त केलेली होती. त्या वेळी तिच्या लॅपटॉपजवळ असणारं माणूस एकच. संशय मनात शिरला आणि ठाण मांडून बसला. साधनाच्या हातचा चहाही तिला गोड लागेना.

बुधवारी तिने विचारलंच. "माझ्या नावानं तूच लिहून राहिलीस ना?"

साधना गोंधळली. "म्या? तूच तर नमाजला जातीस अन् दोन मिंटात येऊन बसतीस. हाक मारली तर मान बी वर करत न्हाईस. मला वाटलं, रागावलीस."

फरहीनला ही शुद्ध थाप वाटली, आणि थाप मारणारी इतक्या जवळची असावी याचं वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी नमाज मागाहून पढायचं ठरवून तिने लॅपटॉप कपाटात बंद केला, खोलीला कुलूप घातलं, आणि किल्ली मुठीत धरून साधनाला गिरणीच्या पायरीवर शेजारी बसवून ठेवलं. वीस मिनिटं दोघी तिथेच बसल्या.

वर येऊन तिने कुलूप काढलं, लॅपटॉप उघडला, ती ओळ टाइप केली. तिसऱ्या रेघेवर पाचवी चांदणी होती, दहा मिनिटांपूर्वीची. शेजारी लिहिलं होतं: 'काहून: ती साधनाला घेऊन खाली बसलीय, तेवढ्यात उरकून घेतलं.'

मैत्रीण खोटी नव्हती, एवढ्यानेच फरहीनला रडू आलं. माफी मागायला ती वळली.

साधना दारापर्यंत मागे सरकली होती.

"फरहीन," ती हळूच म्हणाली, "तू कोणती? जाणारी, का येऊन बसणारी?"