उरलेलं कापड आणि वरचं बटण

घरात पैसे यावेत आणि घरधन्याची झोप उडावी, असं कधी पाहिलंय का तुम्ही? एका शिंप्याच्या घरात तसं झालं खरं.

आदल्या वर्षी त्याने एका कारखान्याचे गणवेश शिवले होते. कारखान्याने बिलातून कर कापून सरकारात भरला. शिंप्याची वर्षाची कमाई बेताची, तेव्हा कापलेला कर यंदा व्याजासकट त्याच्या खात्यात परत आला. त्यातून बायकोच्या पायमशीनला मोटर बसायची होती. मशीन मारून मारून तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता.

पण शेजारच्या न्हाव्याने दाढी करता करता सांगितलं, की परतावा म्हणजे यंदाची कमाईच, त्यावर पुन्हा कर बसतो. गुपचूप काढून घे आणि कुणी विचारलं तर कानांवर हात ठेव. शिंप्याला चोरी जमेना आणि खर्च करायचा धीर होईना. मोटरचा विषय निघाला की तो तोंडात टाचण्या धरायचा, म्हणजे बोलायला नको.

"मोटर राहू द्या," बायको म्हणाली, "निदान मशीनला घालता ते तेल माझ्या गुडघ्यात घाला."

अशात त्याची आत्या कोट आखूड करायला आली. जन्मभर हिशेबनिसाची नोकरी केलेली बाई, जीभ सुईसारखी. शिंप्याच्या बायकोने तिच्यापुढे सगळं गाऱ्हाणं मांडलं. तोवर शिंप्याने काम उरकलं, आणि दुकानाच्या रिवाजाप्रमाणे कापून उरलेली पट्टी इस्त्री करून कोटावर ठेवली, वर एक बटणही ठेवलं.

"ही पट्टी मला बक्षीस का रे?" आत्याने विचारलं.

"बक्षीस कसलं? तुझंच कापड, तुला परत."

"आणि हे बटण?"

"ते माझ्याकडचं. असू दे जादा."

"मग अडलंय कुठे? तुझा परतावा म्हणजे ही पट्टी. आधी तुझाच होता, जास्त कापला गेला, परत आला. ती कमाई नव्हे. व्याज मात्र या बटणासारखं, वरून मिळालेलं. तेवढं उत्पन्नात दाखवायचं."

शिंप्याचा चेहरा फुलला, पण न्हावी अजून कानात होताच. "व्याज चिमूटभर आहे, आत्या. नाही दाखवलं तर कुणाला कळणार?"

"ही पट्टी तू ठेवून घेतली असतीस, तर मला कळलं असतं?"

"नसतं."

"मग परत का दिलीस?"

शिंप्याने कागद पुढे ओढला आणि व्याजाचा आकडा लिहून घेतला. या खेपेला तोंडात टाचणी नव्हती.

त्याने व्याज दाखवलं, यंदा कमाई बरी झाली होती म्हणून त्यावरचा किरकोळ कर भरला आणि मोटर आणली. बायकोने पायाचं बोट टेकवायचा अवकाश, मशीन असं उधळलं की शिवायला घेतलेल्या न्हाव्याच्या नव्या अंगरख्याची बाही तोंडाशी शिवून बंद झाली! दोघं पोट धरधरून हसली. उसवायचं काम शिंप्याकडे आलं. अंगरखा पोचवताना त्याने न्हाव्याला पट्टी आणि बटणाची गोष्टही ऐकवली.

मंडळी, ऐकीव भीतीने आपण आपल्याच हक्काच्या पैशाला घाबरतो, आणि ऐकीव शहाणपणाने दुसऱ्याचा वाटा दडवायला निघतो. जाणत्याला विचारावं. आपलं ते हक्काने घ्यावं, देणं ते हसत द्यावं. मग घरातलं मशीन सुरेल चालतं, आणि गुडघाही!