गाण्याआधीचं सूं

"मिस्त्री, हे घ्या तुमचं मशीन. अजून सूं करून राह्यलं," असं म्हणत हेमराजनं रेकॉर्डचा आवाज वाढवणाऱ्या प्रीॲम्प्लिफायरची सागवानी पेटी चैतरामच्या टेबलावर ठेवली.

चैतराम उसळलाच. "सूं? माझ्या मशीनीत? लेका, नागझिऱ्यात गाईडगिरी करू करू तुझे कान जंगली झाले. तुले तं वाघाचा श्वासबी आयकू येत असन!"

"येते ना जी, म्हणून तं सांगून राह्यलो." हेमराज काही मागे हटेना. "बाबाच्या रेकॉर्डी आहेत. सुई टेकली का गाण्याच्या आधी नुसतं सूंऽऽ. आई म्हणते, हे काय लावलं? रविवारी येतो. नाहीच जमलं तं नागपूरले दाखवतो, राग नका मानू."

"रविवारी आईलेच घेऊन ये," चैतराम गुरकावला. पण नागपूरचं नाव त्याला झोंबलं ते झोंबलंच.

कोहमाऱ्याच्या चौकात हायवेला लागून त्याचं दुकान, अन् मागच्या दारानं आत गेलं की घर. उभी हयात इथंच गेली. लग्नांचे भोंगे, दंडारीच्या खेळांचे भोंगे, रेडिओ, टेप, सगळं त्याच्या हातून गेलं. मोबाइल आले आणि दुकानात माशा बसायला लागल्या. मग कोण जाणे कुठून, लोकांना माळ्यावरचे रेकॉर्डप्लेअर आठवले, आणि त्यांना जुन्या धाटणीचं मशीन बनवून द्यायला या पंचक्रोशीत चैतरामशिवाय होतं कोण? म्हातारपणी गडी पुन्हा तरारला. त्याची एकच ऐट होती. तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "माझ्या मशीनीत गाण्याच्या आधी काहीच आयकू येत नाही."

त्याची मेख सगळी पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये. रेकॉर्डचा आवाज मुळात नाजूक, तो वाढवायचं काम पहिला ट्रान्झिस्टर करतो. तोच जर आतल्या आत कुरकुरला, तर पुढचे सगळे त्याची कुरकुर गावभर करतात. एकाच जातीचे, एकाच नंबरचे ट्रान्झिस्टर घ्या, त्यातला एखादाच खरा मुका निघतो. म्हणून चैतरामनं लाकडी फळीवर एक सॉकेट बसवलं होतं. एकेक ट्रान्झिस्टर त्यात खोवायचा, रेकॉर्ड न लावता आवाज पुरता वाढवायचा, दोन ट्रकांच्या मध्ये जेवढी शांतता मिळेल तेवढ्यात स्पीकरला कान लावायचा. बोलके एका वाटीत, मुके दुसऱ्या वाटीत. वाट्या त्याच्या बायकोच्या, जमुनाच्या, मसाल्याच्या डब्यातल्या होत्या. त्यावरून त्याला बोल लावणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

हेमराज गेल्यावर त्यानं नव्या खेपेतला पहिला खोवला. काही नाही. दुसरा खोवला. काही नाही. तिसरा, चौथा, काही म्हणजे काही नाही! चैतरामची कळी खुलली.

"जमुना! अवं, इकडं ये! या खेपेचा माल म्हणजे सोनं आहे सोनं! एकबी बोलत नाही!"

जमुना पिठाच्या हातानं धावत आली. "आधी बंद करा जी ते! केवढं सूं सूं! मले वाटलं, कुकरची रिंग गेली."

चैतराम हसला. बायको मस्करी करते आहे असं त्याला वाटलं. पण तिच्या कपाळावर चांगली आठी पडली होती. त्यानं ट्रान्झिस्टर बदलला.

"आता?"

"आता भाजी फोडणीत टाकल्यावानी."

"अन् आता?"

"आता जरा कमी. भात शिजून राह्यला." तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुमाले नाही येत काय आयकू?"

तो एकदम म्हणाला, "जमुना, रातकिडे आहेत काय वं आपल्याकडं?"

"कुठं जाईन ते? रोज रातच्याले बोंबलतात मागच्या धानाच्या बांधीत."

हायवे मोठा झाला अन् रातकिडे पळून गेले, असं तो चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं ठासून सांगत आला होता.

"मी बहिरा झालो काय वं?"

"बहिरे कायले? जेवाले बलावलं तं बराबर आयकता. थोडं बारीक आयकू येत नसन."

"बारीक आयकाचंच तं काम होतं माझं."

असा पडलेला आवाज जमुनानं त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण ती समजावत बसली नाही. हात पदराला पुसले, त्याच्याच खुर्चीत फतकल मारली, म्हणाली, "लावा पुढचा."

आणि काय सांगावं, बाई त्याच्याहून खाष्ट निघाली! "हा नाही. हा माझ्या नणदेवानी कुरकुरते." "हा काढा, हा तं घोरून राह्यला." कणीक तशीच राहिली. चैतराम स्टुलावर बसून ट्रान्झिस्टर बदलत होता, नणदेचं ऐकून हसतही होता. शेवटी एक लागला तेव्हा जमुनानं मान तिरकी केली. ट्रक जाऊ दिला. दुसरा जाऊ दिला.

"लावला काय?"

"लावला."

"मंग काहीच आयकू येत नाही."

रविवारी हेमराज आईला, धुरपताबाईंना, घेऊन आला. त्यानं दुकानातल्या रेकॉर्डप्लेअरवर बाबाची रेकॉर्ड लावली, सुई टेकवली. चैतरामनं स्पीकरला कान लावला नाही. तो मागच्या दारात उभ्या असलेल्या जमुनाच्या कपाळाकडे बघत होता. आठी नव्हती. मग गाणं सुरू झालं, आणि धुरपताबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"मानलं, मिस्त्री!" हेमराज ओरडला. "गाण्याच्या आधी काहीच नाही! कोनता टाकला?"

"मले कायले पुसतं? तिले पूस. निवड तिची, मी फक्त सोल्डर मारलं."

हेमराज खो खो हसला. मिस्त्रीची मस्करीच ती, त्याला वाटलं. चैतराम मात्र म्हणाला, "खरंच सांगून राह्यलो, बापा," आणि जमुना लाजून आत पळाली.

दिवेलागणीला दोघं मागच्या ओट्यावर चहा घेत बसले. समोर बांधीत धान उभं होतं.

"रातकिडे सुरू झाले काय वं?" चैतरामनं विचारलं.

"झाले ना जी. केव्हाचे."

"बरं," तो म्हणाला. हातातली बशी त्यानं हळूच खाली ठेवली, जमुनाच्या ऐकण्यात खडखड नको म्हणून.