दहापैकी दोन

मित्रांनो, अनसिंगच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं एक अरुंद दुकान आहे. त्याच्या दाराशेजारी मोठ्या खिळ्याला जो काळा चौकोन टांगलेला दिसतो, तो मी. मी एक जुना फळा आहे. माझा डावा कोपरा फुटला आहे, मधोमध एक चीर गेली आहे, आणि वयामुळे मी थोडा चिडखोरही झालो आहे. तरी ऐका. माझ्या अंगावर एक चुकीचा आकडा लिहिला गेला आणि तो मी मोठ्या तोऱ्यात मिरवला. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म वाशीमच्या एका सुताराकडे झाला. सागाच्या चार फळ्या त्याने अशा जोडल्या, की बोट फिरवलं तरी सांधा लागायचा नाही. तिथून मी इंझोरीच्या शाळेत गेलो. दर शनिवारी पोरं जुन्या सेलमधला कोळसा आणि वेलाचा पाला घेऊन मला घासघासून काळं करायची. काय थाट होता माझा! पाढे, नकाशे, सुविचार, सगळं आधी माझ्या अंगावर उमटायचं आणि मग पोरांच्या वहीत जायचं. मग एक दिवस शाळेत पांढरा, विजेवर चालणारा फळा आला. मला खिचडीच्या तांदळाची पोती टेकवायला कोठीत ठेवलं. सहा वर्षं मी पोत्यांना पाठ देऊन उभा होतो, आणि कोणी साधी धूळही झटकली नाही.

तिथून मला सोडवलं गोपालने. तो त्याच शाळेत शिकलेला, तिशीतला, बोलायला फटकळ. गुरुजींना विचारून त्याने मला मोटारसायकलच्या मागे बांधून अनसिंगला आणलं आणि दुकानाबाहेर टांगलं. तो मोबाइलवरचे खेळ खेळायचा आणि त्यांना दहापैकी गुण द्यायचा. आठवडाभर खेळायचं आणि बाजाराच्या दिवशी सकाळी माझ्यावर निकाल लिहायचा, असा त्याचा नेम. शेजारी एका ओळीत कारण असायचं.

ती कारणं वाचायला गर्दी व्हायची, बरं का. गाड्यांच्या शर्यतीला त्याने लिहिलं होतं, ‘गाडी झकास, रस्ता मातर तोच तो. सहा.’ बंदुकीच्या एका खेळाला, ‘दुश्मन कमी, जाहिराती जास्त. चार.’ क्रिकेटच्या खेळाला, ‘अंपायर आंधळा हाये. पाच.’ रंगीत विटा रचायच्या खेळाला त्याने आठ दिले होते आणि लिहिलं होतं, ‘सोपा वाटते, मंग डोक्शाची मंडई करते.’ जऊळक्याची पोरं खास बसने यायची, माझा फोटो काढायची आणि त्याप्रमाणे खेळ घ्यायची. गोपालने तीन दिले की तो खेळ अनसिंगात संपला. मला तर आपण पुन्हा शाळेत आहोत असंच वाटायचं, आणि मी फुगलो.

याच गावात पौर्णिमा राहते. अनसिंगच्या हायस्कुलात ती गोपालच्या वर्गात होती. तिची आई गिरजाबाई ओढ्याकाठच्या वावरात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी लावते आणि बाजारात बरोबर माझ्या समोर बसून विकते. पौर्णिमा वाशीमला संगणक शिकली आणि घरी येऊन दोन वर्षं खपून तिने एक खेळ तयार केला. नाव ठेवलं ‘पेरा’. बाजाराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती तो गोपालच्या फोनमध्ये टाकायला आली.

“तूच पयला पाहून राह्यला,” ती म्हणाली. “खरं खरं लिहिजो. वळख हाये म्हनून वाढवून देऊ नोको.”

“म्या कोनाले वाढवून देल्ले आजपर्यंत?” गोपाल हसला. “पन चांगला असंन त नऊ देईन. आजवर कोनाले नऊ नाई देल्ले.”

“चांगला निंगाला त मी दुसरा कराले घेईन. मनात हाये माह्या.” एवढं बोलून ती गेली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. परीक्षेचा पेपर देऊन आलेल्या पोरांचा असतो तसा होता तो.

गोपालने दुकानातच खेळ उघडला. पडद्यावर काळं वावर होतं. त्याने बोटाने तिफण चालवली, सोयाबीन पेरलं आणि वाट पाहू लागला. दहा मिनिटं गेली, वावर रिकामंच. चहा आला, तो पिऊन झाला, तरी रिकामंच. मग त्याने बोटाने पेरलेल्या एका ओळीतली माती उकरून पाहिली. दाणा तसाच होता. दुसरीकडे उकरलं, तिसरीकडे उकरलं. “हे काय होय गा?” असं पुटपुटत त्याने फोन ड्रॉवरमध्ये टाकला.

सकाळी मला खाली उतरवून त्याने खडू घेतला आणि थोडा थांबला. मी ते पाहिलं. ती एक ओळ त्या दिवशी रिकामी राहिली असती, तर काही बिघडलं नसतं. पण बाजाराच्या दिवशी फळ्यावर ओळ रिकामी ठेवायची नाही, हा त्याचा हट्ट होता, आणि खरं सांगतो, माझाही होता. त्याने लिहिलं, ‘पेरा. आपल्या गावचा खेळ. पेरलं, पन काईच होत नाई. दोन.’

गिरजाबाईला अक्षरं येत नाहीत. आकडे मात्र येतात, भाजी विकणारीला ते यावेच लागतात. आज पोरीचा खेळ फळ्यावर येणार, हे तिने सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेषरावांना विचारलं, “भाऊ, माह्या पोरीचं नाव कोनत्या वळीत हाये?”

शेषरावांनी बोट दाखवलं. तिने त्या ओळीच्या शेवटचा आकडा पाहिला.

“दोनच?” ती म्हणाली. “दहातले?”

 पौर्णिमा तेव्हा आईच्या मागे वांग्याचं कॅरेट उतरवत होती. तिने मान वर करून पूर्ण ओळ वाचली, पुन्हा वाचली आणि कॅरेट उतरवायला लागली.  माझ्यासमोर मात्र पोरं जमली होती, फोटो काढत होती आणि दोन, दोन म्हणून खिदळत होती. हो, आणि मी त्यांच्यासमोर छाती काढून टांगलेला होतो!

पाचव्या दिवशी दुपारी ड्रॉवरमधून आवाज आला, “कोंब आला व माय! वावर पाहाले चाला!”

गोपाल दचकला. तो गिरजाबाईचा आवाज होता. त्याने फोन काढला. पडद्यावर वावरभर सोयाबीनची रोपं मान वर करत होती, एकेका रोपाच्या डोक्यावर अजून दाण्याची दोन दलं. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक बाई कपाळावर हात धरून उभी होती. वावरात तीन जागा तेवढ्या ओसाड होत्या. जिथे जिथे त्याने उकरलं होतं, तिथे तिथे दाणा मेला होता.

गोपालने कपाळावर हात मारून घेतला. “अरे बापा! सोयाबीन निंगाले पाच दिस लागतेत. मले मालूम नाई का? मी कास्तकाराचा पोरगा होय नं!”

तो मग तिथेच बसून दीड तास खेळला. दुरुस्तीला आलेल्या माणसांना त्याने परत पाठवलं. रिकाम्या जागी पुन्हा दाणे टोबून नांग्या भरायच्या, तण काढायला डवरणी करायची, आभाळ पाहायचं, घाई केली की नुकसान आणि धीर धरला की धुऱ्यावरची बाई एकेक गोष्ट सांगायची. उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्याने मला उतरवलं, ती ओळ ओल्या फडक्याने पुसली आणि लिहिलं, ‘पेरा. चूक माही होती. नऊ.’ मग दोरीने मला गाडीमागे बांधलं आणि तो ओढ्याकाठी निघाला.

वावरात मायलेकी मेथीच्या जुड्या बांधत होत्या. गोपालने मला बांधाला टेकवून उभं केलं.

“पौर्णिमा, हे वाच. सगयात जास्त. तू सांगतलं काहून नाई, का पाच दिस थांबा लागते?”

“अनसिंगात हे सांगा लागते?” पौर्णिमा म्हणाली.

गोपालने मला तिच्याकडे आणखी वळवलं. तो म्हणाला, “पोरं इचारून राह्यले, खेळ कुठी भेटते म्हनून. मी समद्यायले सांगतो.”

“कुठीच भेटत नाई. बाजाराच्या दिवशी सकाळी नेटवर टाकला होता, त्याच दिवशी काढून टाकला म्या. एकोनीस जनायनं घेतला होता. त्यातल्या सतरा जनायनं तासाभरात दोन लिहून देल्ले. म्या पाह्यलं, त्यायनं त तिफन बी धरली नोती. तुहा फळा वाचून लिहिलं.” तिने जुडी बांधून पाटीत ठेवली. “संगनकातून बी पुसला.”

“माह्या फोनात हाये नं! त्याच्यावरून पुन्हा कर. दुसरा कर. तूच त म्हनली होती.”

“आता नाई होत.”

“काकू, तुमी सांगा नं तिले,” गोपालने गिरजाबाईकडे पाहिलं. गिरजाबाईने माझ्याकडे पाहिलं, नऊचा आकडा तिला ओळखू आला. ती पुन्हा मेथीकडे वळली.

गोपालने खिशातून खडू काढला. “चुकलो मी. नऊ कमी हायेत का? दहा लिहू?”

“मले नऊ नोको होते, गोपाल,” पौर्णिमा म्हणाली. “मले पाच दिस पाह्यजे होते.”

मित्रांनो, आज गोपाल माझ्यावर आधी किती दिवस खेळलो ते लिहितो, गुण मागाहून. पुष्कळदा ओळ रिकामीच ठेवतो, आणि गर्दीही पूर्वीसारखी होत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझी तुम्हाला एवढीच विनवणी आहे, की कोणी दोन वर्षं खपून काही केलं असेल, तर त्याला आकडा देण्याआधी पाच दिवस द्या. फळा पुसायला ओलं फडकं पुरतं हो. पौर्णिमा मात्र आता खेळ करत नाही. बाजारात ती आणि गिरजाबाई माझ्यासमोर बसत नाहीत, पार पलीकडे, जिथून मी दिसत नाही तिथे बसतात.