लाथ कुणाची

कृष्णातनं बायकोला लाथ मारली म्हणून त्याच्या आईनं कुंडलमध्ये घरोघर गूळ वाटला. सुनेला लाथ बसल्याच्या आनंदात गूळ वाटणारी सासू म्हटलं की आपण लगेच नाकं मुरडतो. पण रंगूबाई तसली नव्हती. सुनेवर तिचा जीव होता. भानगड निराळीच होती.

दुष्काळ सरल्यावरच्या दिवाळीत कृष्णात शेळ्यांना पाला काढायला लिंबावर चढला आणि फांदीसकट खाली आला. पाठीचा मणका मोडला, आतल्या मज्जारज्जूला मार बसला आणि कमरेखालचं अंग गेलं. सगळा हिवाळा मिरजेच्या दवाखान्यात काढून तो घरी आला, तो बाजेवरच. हात धडधाकट, जीभ तर पहिल्यापेक्षा धडधाकट; पण पाय म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी आणून जोडल्यासारखे. चिमटा काढला तरी त्याला पत्ता नसायचा.

दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी त्याच्या बायकोला, अंबूला, सगळं शिकवून पाठवलं होतं. एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली. पाय पोटाकडं दुमडायचा, सावकाश सरळ करायचा. मग घोटा, मग बोटं. "त्यांना हलवता येत नाही, म्हणून तुम्ही हलवायचा. नाहीतर सांधे धरतील आणि पायाचं लाकूड होईल," बाई म्हणाल्या होत्या. अंबू सकाळ-संध्याकाळ नेमानं ते करायची. असं हलवलं की पाय परत येतील, असं काही बाई म्हणाल्या नव्हत्या. पण काय ऐकायचं ते माणूस आपलं आपणच ठरवतं, आणि अंबूही माणूसच होती.

चैत्रात तिचा भाऊ बाळासो म्हसवडहून आला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि बहिणीला आठ दिवस आधी न्यायचं होतं. संध्याकाळी बाजेच्या कडेला बसून कृष्णातचा पाय पोटाशी दुमडता दुमडता अंबूनं विषय काढला.

"बाळासो न्यायला आलाय. जाऊ का आठ दिस?"

कृष्णातचं तोंड एवढंसं झालं. आणि तेवढ्यात तो पाय ताडकन सुटला, अंबूच्या छातीवर बसला आणि ती बाजेवरून खाली पडली.

रंगूबाई चुलीपुढनं धावत आली. बघते तर सून भुईवर आणि लेकाचा पाय ताठ.

"लाथ मारलीस व्हय रं?" तिनं विचारलं, आणि सुनेला उठवायचं सोडून आनंदानं रडायलाच लागली.

"आई, म्या न्हाई मारली," कृष्णात म्हणाला.

"मग कुणी मारली? बाळासोनं?"

पाय त्याचा, लाथ त्याच्या पायाची, आणि गडी म्हणतो मी नाही त्यातला. बाळासो बिचारा बहिणीचं काय ते ठरेना म्हणून एकटाच परत गेला. पारावरची म्हातारी मंडळी येऊन पाय बघून गेली. बायकोला मारायला लागला म्हणजे गडी बरा झाला, असा त्यांनी निकाल दिला. अनुभवी माणसं.

अंबूला मात्र काही उमगेना. लाथ त्यानं मारली असेल, तर पायात जीव येतोय. पण मग माहेरी जाऊ का म्हटल्यावर नवऱ्यानं लाथ मारली, ज्यानं आजवर तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं त्यानं. आणि मारली नसेल, तर नवरा सोन्यासारखा, पण पाय मेलेलाच. इकडे आड, तिकडे विहीर. देवाला मागायचं तरी काय? शेवटी तिनं मागितलंच, लाथ ह्यांचीच असू दे म्हणून. मागितलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

मग तिनं त्याला चिडवायचा उद्योग आरंभला. पाय दुमडून धरायचा आणि म्हणायचं, तुमच्या शेरड्या इकून टाकते. भाकरी मुद्दाम करपवायची. एकदा तर म्हणाली, म्हायेराला गेले की परत येतच न्हाई. कृष्णात हबकून ऐकायचा, डोळ्यांत पाणी आणायचा, पण पाय ढिम्म. आणि कधी ती एक अक्षर न बोलता नुसता घोटा वाकवत असली, की पाय ताडकन उडायचा. रंगूबाई तर मुद्दाम पायथ्याशी येऊन बसायला लागली. "मला बी मार की रं एक," म्हणायची. एकदा बसली तिलाही. तिनं तो पाय कपाळाला लावला.

"त्या दिशी तुमाला राग आला व्हता का?" अंबूनं शेवटी विचारलं.

"आला व्हता," कृष्णात म्हणाला. मग त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. "पर पायापतूर गेला का न्हाई, ते मला बी कळंना गं."

शेवटी लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा, बाईंनाच विचारू म्हणून, गावातल्या आकारामच्या टेम्पोत गादी टाकून तिघं मिरजेला गेली. बाईंनी कृष्णातचा गुडघा दुमडला, तळव्याला हात लावून घोटा झटक्यात वर दाबला. पाय थडाथडा उडायला लागला.

"बघा, आता मी ह्यांना चिडवलं का?" बाई म्हणाल्या. "स्नायू ताणला की पाय आपोआप उडतो. डोक्यातला निरोप तिथवर पोचत नाही. ही लाथ ह्यांची नाही. पण पाय हलवायचं सोडू नका."

"आवं बाई, त्या दिशी त्यो चिडला व्हता," रंगूबाई हट्टाला पेटली. "बायकू म्हायेराला निघाली, आन् तवाच बरी बसली लाथ?"

बाईंनी कृष्णातकडं पाहिलं. "तुम्हीच सांगा. मारली होती?"

कृष्णातनं आईकडं पाहिलं. म्हातारीनं नकळत हात जोडले होते. मग त्यानं अंबूकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्याला वाचता येत होतं.

"व्हय," तो म्हणाला. "म्याच मारली. रागानं मारली."

रंगूबाईचं तोंड उजळलं. अंबूनं देवाकडं जे मागितलं होतं, ते नवऱ्यानं तिच्या पदरात टाकलं. आता तिनं नुसतं गप्प बसायचं होतं.

"खोटं बोलत्यात, बाई," अंबू म्हणाली. "आमचं मालक बायकूवर पाय उचलणारं न्हवंत. ह्यांनी न्हाई मारली."

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय बोललो. तिथंच भुईला बसून ती पदर तोंडाला लावून रडली. म्हातारीचे हात सुटले. मग ती पुढं झाली आणि लेकाच्या टाचेखाली हात घालून बाईंना विचारलं, "आसंच धरायचं न्हवं?"

कृष्णातनं अंबूच्या डोक्यावर हात ठेवला.

"लग्नाला जाऊन ये," तो म्हणाला. "पाय कुटं पळून चाललाय?"