'चालत नाही'मधलं 'नाही'

अगं ऐक तर! आमच्या ऑफिसात एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, नुसता सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर चालवतात. तो कुठल्या प्रोसेसरवर हलवला तर चालतो, याचा तक्ता मी लिहिते. जुन्या प्रोसेसरवर तो हलवला की आतल्या कामासकट मरतो, तीनदा बघितलं मी, म्हणून 'चालत नाही' लिहिलं. तर आमच्या सीनियरने, त्याला आम्ही सर्वज्ञ म्हणतो, सरळ 'चालतं' करून टाकलं!

मी परत 'नाही' लिहिलं, तर अंगावरच आला. "अक्कल पाजळू नकोस! गिऱ्हाइकाला मी 'चालतं' सांगून बसलोय. परत 'नाही' दिसलं तर उद्यापासून घरी बस."

डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "बरं सर, मग तुमचाच आतला कॉम्प्युटर हलवते त्या जुन्या प्रोसेसरवर, आत्ता."

माउस धरला मात्र, तो खुर्चीतून उडालाच. "ए! हात लावून बघ! वर्षाचं काम आहे त्यात माझं!"

"का हो? चालतं ना?"

अख्खी खोली वळून बघायला लागली. शेजारची टेस्टर ताई तर फिस्सकन हसली.

'नाही' राहिलं, नोकरीही राहिली. फक्त तक्त्याखाली त्याने दात-ओठ खात माझं नाव टाकलं, चुकलं तर फाशी मला म्हणून. टाकू दे की! तीनदा बघितलंय मी.