पोटॅशियम का चढेना

कटिंग मास्तरांचा हात म्हणजे मोजपट्टी, असं कपड्यांच्या कारखान्यात म्हणत. त्या सोमवारी मात्र त्यांची कात्री कापडात अर्ध्यावरच थांबली. बोटं वळून ताठ झाली, अंगठा तळव्यात रुतला. कात्री सोडवायला शिलाईवरच्या दोघी धावल्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. पोटॅशियम कमी, कॅल्शियमही कमी. दोन्हींची औषधं सुरू झाली, पण दोन आठवड्यांनंतरही आकडे हलायला तयार नाहीत. वर छातीत धडधड.

"आता हात गेला समजायचा," मास्तर बायकोला म्हणाले.

बायकोनं वाद घातला नाही. सरळ नणंदेला बोलावलं. मास्तरांची ही थोरली बहीण तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. कारखाना दणाणून सोडणारे मास्तर ताईपुढे मांजर होत.

"रोज काय काय गिळतोस ते सगळं इथं मांड," ताई म्हणाली. मग एक पाकीट उचलून विचारलं, "ही अ‍ॅसिडिटीची कधीपासून?"

"झाली सात-आठ वर्षं. जुन्या चिठ्ठीवर आणतो."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"त्यात काय सांगायचं?"

"धन्य आहेस बाबा! चल, चपला घाल."

दवाखान्यात ताईनं पाकीट टेबलावर ठेवलं. "डॉक्टर, याचं मॅग्नेशियम पाहिलंत?"

"नाही पाहिलं," डॉक्टर म्हणाले, आणि तिथल्या तिथे तपासणी लिहून दिली.

मॅग्नेशियम हवं त्याच्या निम्म्याहून खाली निघालं. डॉक्टरांनी समजावलं, "ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या आतड्यात मॅग्नेशियम नीट शोषलं जात नाही. ते घटलं की पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं, आणि कॅल्शियमही सावरत नाही. आपण बुड फुटलेल्या पिंपात पाणी ओतत होतो. हृदयाची लय बिघडायच्या आत कळलं, हे बरं झालं."

मास्तर दोन दिवस सलाइनवर राहिले. शिरेतून मॅग्नेशियम गेलं, हृदयावर यंत्राची नजर होती. पोटाची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली. आठवड्याभरात तिन्ही आकडे जागेवर आले. बोटं त्याआधीच सैल झाली होती.

पुढच्या सोमवारी मास्तर कामावर निघाले, तर दारात ताई पिशवी घेऊन उभी.

"तू कुठं?"

"तुझ्याबरोबर. तिथं पन्नास माणसं आहेत. कोण कुठली गोळी किती वर्षं खातंय, जरा विचारून येते."

मास्तरांनी कपाळावर हात मारला, पण तिला वाट करून दिली.