मेइश्याची शिदोरी

पहिला घाव संगणकाच्या पडद्यावर बसला, दुसरा त्सुंगयीच्या खांद्यावर. डुक्कर तोडायचा सुरा तो, हाडंसुद्धा मुळ्यासारखी कापणारा. बाजारात वुनपिनच्या डुकराच्या मटणाच्या दुकानाशेजारीच माझं बदकांचं दुकान. मी ओरडत धावले आणि वुनपिनला मागून मिठी मारली. त्याने कोपर हाणून माझा ओठ फोडला.

"सोड मावशी! आज याला सोलतोच!"

"अरे मेल्या, मेव्हणा आहे तो तुझा! मेइश्याचा सख्खा भाऊ!"

मेइश्या म्हणजे वुनपिनची बायको. गेल्या हिवाळ्यात वारली बिचारी. गिऱ्हाईक नसलं की दोघं दुकानातच फेसबुकवरचा तो खजिन्याच्या बेटांचा खेळ खेळायची. जंगल तोडायचं, देवळांची दारं उघडायची. खेळातला गडी दमला की शेजारच्या बेटावरून कुणीतरी शिदोरी पाठवायची, तरच तो पुढे चालणार. वुनपिन पक्का तुसडा, त्याला कोण पाठवतंय? बायकोच पाठवायची.

ती गेल्यावर हा रोज सकाळी आधी तिच्या नावाने खेळात शिरायचा आणि स्वतःलाच शिदोरी पाठवायचा. मग आपल्या नावाने आत यायचा. 'मेइश्याने तुम्हाला शिदोरी पाठवली आहे,' असं पडद्यावर उमटलं की जरा वेळ नुसता बघत बसायचा, मग माऊसवर बोटाने एकदा टक् करून ती उघडायचा. खेळाच्या नियमाने ही लबाडीच. पण कुणाचं काय जात होतं? त्यानंतरच तो सुऱ्याला हात लावायचा.

त्सुंगयीला वाटलं, दाजींचं भलं करावं. त्याने कुठूनसा चोरटा प्रोग्राम आणून दोन्ही खात्यांवर बसवला. गडी आता दमणारच नाही. "दाजी, शिदोरीची कटकटच मिटली बघा!"

त्या दिवशी सकाळी पडद्यावर आलं : फसवणुकीमुळे दोन्ही खाती कायमची बंद. त्सुंगयी हसला. "जाऊ द्या हो दाजी, नवीन उघडू. खेळच तर आहे."

तेव्हा सुरा उचलला गेला.

तिसरा घाव मला अडवता आला नाही. त्सुंगयीने हात आडवा धरला आणि त्याची दोन बोटं ओट्यावर मांसाच्या तुकड्यांत पडली. तो किंचाळत होता, वुनपिन त्याला लाथा घालत होता. "परत मारलंस तिला! परत मारलंस!" शेवटी मासेवाल्यांनी त्याला खाली पाडून पाठीवर गुडघे रोवले. तरी तो ओल्या फरशीवर कपाळ आपटतच राहिला, रक्त येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी मी चौकीत भाताचा डबा घेऊन गेले. ओठ सुजलेला, आणि राग तर असा की डबा त्याच्या डोक्यात घालावा.

"गीळ," मी म्हटलं. "पोराची बोटं जुळली नाहीत. ऐकतोयस ना?"

त्याने मान हलवली. मग हळूच विचारलं, "कुणी पाठवला?"

"कोण पाठवणार, मुडद्या? मीच आणलाय."

तो बंद डब्याकडे बघत राहिला. मग झाकणावर बोटाने एकदा टक् केलं, आणि ते उघडलं.